काटा खाली आहे म्हणजे इंजिन थंड आहे का?

जुन्या ट्रकच्या टेंपरेचर मीटरमधला बिघाड ओळखणं आणि दुरुस्त करणं या विषयावरच्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आहेत.



आजचा विषय तसा लहान आहे. डॅशबोर्डवरचा एक काटा. पण या काट्यामुळे माझ्या मामांचं इंजिन गेलं, आणि त्या इंजिनापायी पुढचं जवळजवळ वर्षभराचं भाडं गेलं. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो, मग दुरुस्तीकडे येतो.

मामांकडे जुना सहाचाकी ट्रक होता. त्याचा टेंपरेचर मीटर कधीच धड नव्हता. कधी अर्ध्यावर, कधी पाव, कधी उगाच थरथरायचा. मामा बोटातल्या अंगठीनं काचेवर टकटक करायचे, काटा जरा हलायचा आणि मामांचं समाधान व्हायचं. बारावीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून फिरत होतो. एप्रिलची दुपार, गाडी भरलेली, पुण्याहून साताऱ्याकडे निघालेलो, खंबाटकीचा चढ. निम्म्या चढापर्यंत काटा वर वर चाललेला. मामा गप्प. आणि मग एका वळणावर काटा हळूहळू खाली यायला लागला. मामा म्हणाले, "बघ रे, उतरला. आता काळजी नाही." आम्ही तसेच पुढे गेलो. तीनेक मिनिटांत इंजिनाचा आवाज बदलला, ताकद गेली आणि गाडी जागेवर बंद पडली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा खालचा होस पाइप फाटलेला, पाणी सगळं रस्त्यावर. हेड वाकलं होतं, दोन पिस्टन जाम झाले होते.

आता मला सांगा, इंजिन इतकं तापलेलं असताना काटा खाली का आला?

याचं उत्तर नीट कळलं की आजचं निम्मं व्याख्यान झालं. तर तिथूनच सुरुवात करू.

काटा नेमकं काय बघतो

आपण म्हणतो, काटा इंजिनाचं तापमान दाखवतो. हे खरं नाही. इंजिनाला एक पितळी बोंडासारखा भाग बसवलेला असतो. त्याला सेंडर म्हणा, सेन्सर म्हणा, आपले वायरमन दोन्ही म्हणतात. त्याचं टोक इंजिनातून फिरणाऱ्या पाण्यात बुडालेलं असतं. म्हणजे पहिली गोष्ट, तो इंजिनाचं तापमान बघतच नाही. आपल्या टोकाला जे लागतं आहे त्याचं तापमान बघतो. पाणी लागत असेल तर पाण्याचं. पाणी निघून गेलं आणि भोवती नुसती हवा किंवा वाफ राहिली, तर त्या हवेचं. पाणी उष्णता जितक्या चांगल्या रीतीनं टोकापर्यंत पोचवतं तितकी हवा पोचवत नाही. म्हणून लोखंड लालबुंद व्हायच्या बेतात असतं आणि सेंडर मात्र निवांत असतो. मामांचा काटा खाली आला तो याच कारणानं. त्या दिवशी मीटर बिघडलेला नव्हताच. त्याच्या टोकाला जे लागत होतं तेच तो प्रामाणिकपणे सांगत होता.

ही अडचण जुनीच आहे. १९१० च्या दशकात अमेरिकेत मोटारींच्या रेडिएटरच्या झाकणावरच थर्मामीटर बसवत. बॉइस मोटोमीटर हे त्यातलं प्रसिद्ध नाव. चालकाला समोर, बॉनेटच्या टोकावर तो दिसायचा. तो थर्मामीटर पाण्यात नव्हे, पाण्याच्या वरच्या वाफेत असायचा. जागा बदलली, पण आपण एका ठिकाणचं तापमान बघतो आणि त्यावरून सगळ्या इंजिनाचा अंदाज करतो, हे तेव्हापासून तसंच आहे.

दुसरी गोष्ट. सेंडरच्या आत एक छोटी गोळी असते, थर्मिस्टर. ती थंड असताना विजेला खूप विरोध करते, तापली की विरोध कमी करते. मीटर हा विरोध बघतो. विरोध जास्त, करंट कमी, काटा खाली. विरोध कमी, करंट जास्त, काटा वर. एका प्रचलित सेंडरचे ढोबळ आकडे सांगतो. ४० अंशाला सुमारे २९० ओहम, ८० अंशाला ७०, १०० अंशाला ३८, १२० अंशाला २२. तुमच्या गाडीच्या सेंडरचे आकडे वेगळे असू शकतील, पण चाल हीच.

आता हे आकडे हाताशी ठेवा आणि एक साधा हिशोब करा. समजा सेंडरच्या टर्मिनलला गंज चढला आहे. त्या गंजाचा स्वतःचा विरोध ३० ओहम. इंजिन १०० अंशावर आहे. सेंडर म्हणतो ३८, त्यात गंजाचे ३०, मीटरला दिसतात ६८. म्हणजे मीटर दाखवणार ८० अंश. इंजिन १२० वर गेलं तर २२ अधिक ३०, म्हणजे ५२. मीटर दाखवणार ९० च्या आसपास. इकडे इंजिन मरायला टेकलंय आणि काटा सांगतोय, चढ आहे म्हणून जरासं गरम आहे.

आणि सकाळी? सकाळी ४० अंशाला २९० अधिक ३०, ३२०. फरक कळणारसुद्धा नाही. म्हणजे गॅरेजमध्ये गार इंजिनावर बघितलं तर मीटर ठीक दिसतो. तो चुकतो फक्त गरज असते तेव्हा.

आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. वायर सैल झाली, टर्मिनल गंजलं, अर्थिंग खराब झालं, वायर तुटली, पाणी गेलं. यातल्या बहुतेक बिघाडांत काटा खाली येतो. हा मीटर बिघडला की बहुधा गोड बोलतो. उगाच वर जाणारा काटा आपल्याला त्रास देतो, म्हणून आपण तो दुरुस्त करून घेतो. खाली राहणारा काटा कुणालाच त्रास देत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

आधी इंजिनाची चौकशी, मग मीटरची

मीटर उघडायच्या आधी ठरवायला हवं की खोटं कोण बोलतंय. काटा की इंजिन?

पहिलं काम, इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याची पातळी बघा. गार असताना, हे पुन्हा सांगतो. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखं असतं. दाबाखाली पाणी १०० अंशाच्या वरही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब जातो आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. अशी भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

पाणी कमी असेल तर आधी ते कुठं जातंय ते शोधा. होस पाइप, वॉटर बॉडी, रेडिएटर, हेड गॅस्केट. मीटरचा प्रश्न नंतर.

दुसरं, थर्मोस्टॅट आहे का ते विचारा. आपल्याकडे एक सवय आहे. गाडी गरम होते म्हटलं की मिस्त्री थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून फेकून देतो. हा व्हॉल्व साधारण ८० अंशाच्या आसपास उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की इंजिन सपाट रस्त्यावर नीट तापतच नाही, काटा तळाशी राहतो. मालकाला वाटतं मीटर गेला. मीटर बिचारा खरं सांगत असतो. शिवाय थंड इंजिन जास्त डिझेल खातं आणि लवकर झिजतं. आणि काही इंजिनांत हा व्हॉल्व काढला तर बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत इंजिनात जातं, म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापते. तेव्हा व्हॉल्व नसेल तर आधी तो बसवा.

तिसरं, खरं तापमान दुसऱ्या कशानं तरी मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर, बंदुकीसारखा येतो तो, आता सहज मिळतो. इंजिन अर्धा तास चालवून गरम करा आणि सेंडरच्या शेजारी, थर्मोस्टॅटच्या घरावर नेम धरा. एक खबरदारी घ्या. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा पितळेवर हा थर्मामीटर फार कमी दाखवतो. तिथं आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा. पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा. तिथं ८०-८५ दिसतंय आणि काटा तळाशी आहे, तर खोटं काटा बोलतोय. ११० दिसतंय आणि काटाही वर आहे, तर मीटरला शिव्या देऊ नका. गाडी खरंच तापते आहे.

लक्षणांवरून अंदाज

आता मीटरच खोटा आहे असं ठरलं. लक्षणं बघा.

काटा मुळीच हलत नाही, कायम तळाशी: वायर तुटली, सेंडर आतून गेला, फ्यूज गेला किंवा मीटरला करंटच येत नाही.

चावी ऑन करताच, इंजिन गार असताना, काटा सरळ टोकाला: सेंडरकडे जाणारी वायर कुठं तरी घासून बॉडीला लागली आहे, नाही तर सेंडर आतून शॉर्ट झाला आहे.

खड्ड्यात काटा उडतो: सैल जोड. टर्मिनल, प्लग किंवा सोललेली वायर.

हेडलाइट लावला, वायपर लावला की काटा सरकतो: अर्थिंग. हे लक्षण इतकं बोलकं आहे की पुढं जायच्या आधी नव्वद टक्के वेळ मी पॉलिश पेपर हातात घेतो. बाकी उपकरणांचा करंट परत जाताना आपल्या मीटरची वाट वापरतो, म्हणून काटा हलतो.

डिझेलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदम चुकीचे: मग सेंडर बदलू नका. दोन वेगळे सेंडर एकाच दिवशी जात नाहीत. दोघांचं सामाईक जे आहे तिथं बघा. म्हणजे मीटरपॅनलचं अर्थिंग, पॅनलला येणारा करंट, आणि काही जुन्या गाड्यांत असणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर. हा एक डबीसारखा भाग असतो. बॅटरीचा करंट तुकड्या-तुकड्यांत तोडून मीटरला सरासरी एकसारखा, १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १० व्होल्ट, देतो. त्याचं अर्थिंग गेलं की तो तोडणं थांबवतो, पूर्ण व्होल्टेज पुढं जातं आणि दोन्ही काटे वर दाखवतात. टाकी अर्धी असताना डिझेल फुल्ल दिसायला लागलं तर इथं शंका घ्या.

तपासणीचा क्रम

यासाठी लागतं काय? एक साधा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, वायरचा एक लांब तुकडा. आणि गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, ते आधी बघून घ्या. सुटे भाग त्याप्रमाणे येतात.

पहिली पायरी. इंजिन बंद, चावी ऑन. सेंडरवरची वायर काढा आणि हवेत लोंबती ठेवा. काटा पूर्ण खाली जायला हवा. आता तीच वायर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकवा. काटा वर चढायला लागला पाहिजे. चढायला लागला की लगेच काढा. टोकाला जाईपर्यंत धरून ठेवलं तर आतली तार जळू शकते. जुन्या मीटरमध्ये काटा हळूहळू सरकतो. त्यात दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि ती काट्याला ढकलते, म्हणून तो आळशी असतो. नव्या प्रकारच्या कॉइलच्या मीटरमध्ये काटा झटकन जातो. काळजी घ्यायची असेल तर मध्ये २२ ओहमचा रेझिस्टर लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळतो.

एवढ्या एका तपासणीनं निम्मा प्रश्न सुटतो. काटा वर-खाली नीट गेला, तर मीटर आणि वायर ठीक आहेत. दोष सेंडरमध्ये, त्याच्या टर्मिनलमध्ये किंवा इंजिनाच्या अर्थिंगमध्ये. काटा हललाच नाही, तर दोष वायरमध्ये किंवा मीटरमध्ये.

दुसरी पायरी, काटा हलला नसेल तर. हीच तपासणी मीटरच्या मागच्या टर्मिनलवर करा. तिथं अर्थ केल्यावर काटा हलला, तर मधली वायर तुटली आहे. ती शोधत बसण्यापेक्षा नवी वायर टाका, चांगली जाड, आणि सायलेन्सरच्या पाइपपासून दूर न्या. तिथंही हलला नाही, तर टेस्ट लॅम्पनं मीटरला करंट येतोय का बघा. येत नसेल तर फ्यूज आणि पॅनलचा प्लग. करंट येतोय, अर्थ चांगला आहे, तरी काटा मेलेला, तर मात्र मीटर गेला.

तिसरी पायरी, अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन ते चेसिस अशी एक जाड वेणीसारखी पट्टी असते. जुन्या ट्रकमध्ये ही पट्टी सडलेली, तुटलेली किंवा इंजिन उतरवताना काढून परत न लावलेली सापडते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक सेंडरच्या पितळी अंगावर, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. चावी ऑन करा, हेडलाइट लावा. इथं जवळजवळ शून्य दिसायला हवं. पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी काढा, दोन्ही टोकांचं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा. तेच पॅनलच्या अर्थच्या स्क्रूचं.

चौथी पायरी, सेंडर. आधी टर्मिनल स्वच्छ करा, कारण तो ३० ओहमचा हिशोब आठवा. मग शंका राहिलीच तर इंजिन गार असताना थोडं पाणी काढून सेंडर सोडवा. बऱ्याचदा टोकावर पांढरा जाड थर दिसतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की चहाच्या भांड्यात बसतो तसा क्षार इथंही बसतो. त्या थरामागे बसलेला सेंडर तापमान उशिरा सांगतो. थर खरवडून काढा, आणि पुढं बोअरचं पाणी बंद करून कुलंट वापरा.

आता घरगुती परीक्षा. एका जुन्या पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर आणि तारेनं लोंबता सोडलेला सेंडर. टोक बुडलं पाहिजे, टर्मिनल कोरडं राहिलं पाहिजे, आणि सेंडर पातेल्याच्या तळाला टेकता कामा नये. मल्टिमीटर ओहमवर, एक टोक टर्मिनलला, एक सेंडरच्या अंगाला. पाणी तापेल तसा आकडा गुळगुळीत उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली, अडकला किंवा एकदम गायब झाला, तर सेंडर गेला. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी हेच माप. फक्त लक्षात ठेवा, पाणी सगळीकडे १०० अंशाला उकळत नाही. मुंबईला १००, पुण्याला किंवा नाशिकला साधारण ९८, महाबळेश्वरला ९५-९६. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी.

सगळ्यात जुन्या गाड्यांत वायरच नसते. सेंडरपासून मीटरपर्यंत एक बारीक तांब्याची नळी जाते. टोकाच्या कुपीत लवकर वाफ होणारा द्रव असतो, तो तापला की दाब वाढतो आणि मीटरमधली वाकडी नळी सरळ व्हायला बघते, त्यानं काटा फिरतो. ही नळी कुठं मुरडली किंवा चिरली की आतला माल उडून जातो आणि काटा कायमचा झोपतो. रस्त्यावर याला इलाज नाही. पूर्ण संच बदलायचा आणि नळी तीव्र कोनात वाकवायची नाही.

नवा भाग बसवताना होणाऱ्या चुका

पहिली चूक, सेंडर आणि मीटर यांची जोडी न बघणं. आटे जुळले, हाताला बसला, म्हणून तो चालेल असं नाही. एका कंपनीचा सेंडर ८० अंशाला ७० ओहम देईल, दुसऱ्याचा दुसरंच काही. काटा कायम चुकीचा दाखवेल, आणि भाग नवा असल्यानं आपण त्यावर विश्वास ठेवू. जुना सेंडर घेऊन दुकानात जा, त्यावरचा नंबर दाखवा. तो मिळत नसेल तर सेंडर आणि मीटर दोन्ही एकाच संचातले घ्या.

दुसरी चूक, गेजचा सेंडर आणि दिव्याचा स्विच यांची अदलाबदल. काहींना दोन टर्मिनल असतात, एक मीटरचं आणि एक धोक्याच्या दिव्याचं. 'जी' हे गेजचं, 'डब्ल्यूके' हे दिव्याचं अशी खूण बऱ्याच सेंडरवर असते. तारा उलट लागल्या तर काटा बहुतेक वेळ तळाशी आणि कधी तरी एकदम टोकाला, असा खेळ होतो.

तिसरी चूक, टेफ्लॉन टेप. एका वायरच्या सेंडरचा परतीचा करंट त्याच्या आट्यांतूनच इंजिनात जातो. गळू नये म्हणून आपण आट्यांवर चांगली पाच-सात वेढे टेप गुंडाळतो आणि आपल्याच हातानं अर्थ तोडतो. वॉशर असेल तर वॉशर वापरा. लावायचंच असेल तर अगदी थोडं, टोकाकडचे आटे मोकळे ठेवून. आणि पाना जोर लावून ओढू नका. पितळ आहे, तुटलं तर तुकडा हेडमध्ये राहतो.

काम झालं की पाणी भरा, इंजिन चालवून आत अडकलेली हवा काढा. सेंडरच्या टोकापाशी हवेचा फुगा राहिला तर नवा मीटरही मामांच्या मीटरसारखाच वागेल.

मीटर दुरुस्त झाला, पुढं काय

इंजिन नीट गरम झाल्यावर इन्फ्रारेडनं पुन्हा मोजा आणि त्या वेळी काटा जिथं आहे तिथं काचेवर रंगाची बारीक खूण करा. जुन्या मीटरवर आकडे नसतात, नुसते पट्टे असतात. तुमच्या गाडीचं "नेहमीचं" कुठं आहे ते तुम्हीच ठरवायचं. पुढच्या ड्रायव्हरलाही ते कळतं.

आणि ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगून ठेवा. भरलेली गाडी चढावर असताना काटा खुणेच्या वर गेला तर थांबायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चढावरच काटा खुणेच्या खाली यायला लागला, तरीही थांबायचं. चढावर इंजिन आपणहून गार होत नाही. काटा उतरला तर एक तर वायर सुटली आहे किंवा पाणी गेलं आहे, आणि गाडीत बसून हे दोन्ही वेगळं ओळखता येत नाही. बाजूला घ्या, उतरा, खाली वाकून बघा. वायर सुटलेली निघाली तर पाच मिनिटं गेली. पाणी गेलेलं निघालं तर इंजिन वाचलं.

श्रोत्यांचे प्रश्न

एका गृहस्थांनी विचारलं, "मी नवा सेंडर टाकला, नवा मीटर टाकला, तरी काटा तसाच. आता काय?"

दोन्ही भाग बदलले आणि मधली वायर व अर्थ जुनेच राहिले. खर्च दोन्ही टोकांवर झाला, बिघाड मध्ये बसलाय. पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. वायर काढा, अर्थला टेकवा. पुढच्या वेळी हे भाग विकत घ्यायच्या आधी करा.

एका ताईंचा प्रश्न: "आमचे हे गाडी घेऊन लांब जातात. मीटर नीट करायला वेळ नाही म्हणतात. तोवर काय करायचं?"

तोवर मीटर नाहीच असं धरून चालवायचं. रोज सकाळी गार इंजिनावर पाणी बघायचं. होस पाइप दाबून बघायचे, फुगलेला किंवा चिरलेला असेल तर बदलायचा. फॅन बेल्टचा ताण बघायचा. घाट चढण्याआधी एकदा थांबून खाली पाण्याचा डाग पडतोय का बघायचं. आणि त्यांना सांगा, वायर काढून अर्थला टेकवायला पाच मिनिटं लागतात. वेळ नाही हे कारण चालणार नाही.

एका तरुणानं विचारलं, "गाडी खरंच तापली, तर पाणी लगेच ओतायचं का?"

नाही. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते तडकतं. गाडी बाजूला घ्या. पाणी आत आहे आणि नुसतं तापलं आहे, तर इंजिन काही मिनिटं आयडलवर राहू द्या, म्हणजे पाणी फिरत राहतं. पाणीच गेलं असेल तर लगेच बंद करा. मग निदान अर्धा-पाऊण तास काहीही उघडू नका. चहा घ्या.

शेवटचा प्रश्न मामांचा होता. म्हणजे मामांनी नव्हता विचारला, इथल्या एका आजोबांनी विचारला. "तुमच्या मामांनी पुढं मीटर दुरुस्त केला का?"

केला. नवं हेड, नवे पिस्टन, सगळं झाल्यावर गॅरेजवाल्यानं मीटरही बघितला. सेंडर चांगला होता, मीटर चांगला होता. इतकी वर्षं काटा थरथरायचा तो सेंडरच्या टर्मिनलवरच्या गंजामुळे. पॉलिश पेपरनं घासला, दोन मिनिटांचं काम. त्या दिवशीच्या फाटलेल्या होसशी त्या गंजाचा काही संबंध नव्हता. पण काट्याकडे बघून काही समजतं, यावरचा मामांचा विश्वास त्या गंजानं आधीच घालवला होता. काटा वर गेला तेव्हाही थांबले नाहीत आणि खाली आला तेव्हाही नाही. त्यानंतर मात्र घाटात काटा कुठंही सरकला की मामा गाडी बाजूला घ्यायचे. काचेवर टकटक करायचं त्यांनी सोडून दिलं.